भन्तेजी पुढे, आई मागे

जिंतूरच्या भर बाजारात एसटी बस अर्धा तास अडवून धरण्याचा मान आमच्या घराण्यात फक्त मला मिळालेला आहे. त्यासाठी मला मोर्चा काढावा लागला नाही. बाबांची गाडी पुरली.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. ती गाडी त्यांनी बदली होऊन चाललेल्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. छोटीशी, गोल दिव्यांची, पिस्त्याच्या रंगाची. बाबांनी तिच्यात शेवटपर्यंत काहीही बदललं नाही. तेच रेक्झिन, तोच भोंगा, काचा खालीवर करायच्या त्याच मुठी. कुणी नवीन सीट कव्हर सुचवलं तर म्हणायचे, "कारखान्यातून आली तशीच राहील ती." (आमच्या घराला या काळात तीनदा रंग लागला. गाडीला एकदाही नाही!) गिअरचा दांडा आजच्या गाड्यांसारखा दोन सीटांच्या मध्ये नव्हता. तो स्टेअरिंगखाली डाव्या बाजूला आडवा होता.

शेवटची चार वर्षं बाबांचा डावा हात अर्धांगाने गेला होता; पाय तेवढा सावरला होता. तरी ते गाडी चालवायचे. शेजारी आई बसलेली, आणि बाबा एका हाताने जिंतूरहून गावाकडे निघालेले! रस्त्यावरचे लोक थांबून नमस्कार करायचे. मी परभणीत नोकरीला. ऑफिसात अभिमानाने सांगायचो, "एका हाताने चालवतात आमचे बाबा." कसं जमतं, हे मात्र मी त्यांना कधी विचारलं नाही.

बाबा गेले त्याला वर्ष झालं. पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम गावी ठेवला होता. गाव जिंतूरपासून बारा किलोमीटर. विहारातून भन्तेजींना घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. भन्तेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणजे काही झालं तरी बाराच्या आत पोचून भोजनदान व्हायला हवं होतं.

मेहुणे म्हणाले, "माझी जीप घेऊन जा."

"नाही," मी म्हणालो, "भन्तेजी बाबांच्याच गाडीतून येतील." सगळे गहिवरले. मी स्वतःही गहिवरलो. माझ्या स्वतःच्या गाडीला क्लच नाही आणि गिअर ती आपला आपण बदलते, ही गोष्ट त्या क्षणी कुणाच्याच लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

बायको आणि मुलं मेहुण्यांच्या जीपमधून पुढे गेली. मागे राहिलो मी आणि आई. आई पुढचं दार उघडून बसायला लागली.

"आई, मागं बस. पुढं भन्तेजी बसतील."

"मी पुढं बसते रं."

"अगं, भन्तेजींना मागं बसवायचं? लोक काय म्हणतील?"

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलायला गेली आणि गुपचूप मागे जाऊन बसली.

विहार दोन गल्ल्या पलीकडे. तिथवर पहिल्या गिअरमध्ये सहज गेलो. भन्तेजी पुढे बसले. पावणेअकरा वाजले होते. मोठ्या रस्त्याला लागलो, क्लच दाबला, दांडा ओढला. दांडा हलेना! पुन्हा ओढला. आतून जातं दळल्यासारखा आवाज आला.

मागून आई म्हणाली, "मिलिंदा, मी पुढं येऊ का?"

"आई, थांब जरा."

मग मी पहिल्याच गिअरमध्ये निघालो. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी पायी चालणाऱ्यांच्या सोबतीने चालली होती. एक सायकलवाला पुढे गेला. एक शेळी पुढे गेली. शेळीने मागे वळून पाहिलं!

"भन्तेजी, गाडी जरा जुनी आहे," मी म्हणालो.

"घाई करू नका, उपासक," भन्तेजी शांतपणे म्हणाले. मी घाई करू शकत नव्हतो, हीच तर अडचण होती.

त्या दिवशी आठवडी बाजार. ऐन गर्दीत पुन्हा एकदा जोर लावून दांडा ओढला. दांडा मध्येच कुठेतरी अडकला आणि गाडी बंद पडली. मागे एसटी. एसटीचा भोंगा असा वाजला की भाजीवाल्यांनी पाट्या उचलल्या. ड्रायव्हर खाली उतरला. "ओ साहेब, गाडी चालवायलात का प्रदर्शन मांडलंय?"

ढकलायला सात-आठ जण आले. प्रत्येकाचा सल्ला वेगळा. एक म्हणे वर उचला, एक म्हणे खाली दाबा, एकाने तर माझ्या मांडीवरून हात घालून स्वतःच दांडा हिसकला. तेवढ्यात पंक्चरवाले रशीदभाई आले. बाबांच्या गाडीची चाकं तेच बघायचे. त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "मास्तरसाब एक हात से चलाते थे जी. तुमकू दो हातां से नै जमरा?"

बघे हसले. मी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांचं एवढं एक काम माझ्याकडे होतं. तिकडे अख्खं गाव ताट मांडून बसलेलं, आणि भन्तेजी माझ्यामुळे उपाशी राहणार होते.

"जीप बोलवतो," मी फोन काढला.

मागचं दार उघडलं. आई उतरली, पुढच्या दाराशी आली आणि हात जोडून म्हणाली, "भन्तेजी, माफी असावी. तुमी मागं बसा."

भन्तेजी उतरून मागे बसले. आई पुढे बसली. पदर खोचला. आपला उजवा हात दांड्यावर ठेवला.

"क्लच दाब."

दाबला.

"आता खोकल."

"काय?"

"खोकल की! खोकल्याबिगर माझा हात उठत न्हाई."

मी खोकलो. आईने दांडा जरासा उचलला, पुढे ढकलला, कुठलाही आवाज न होता तो सुटला. गाडी सुरू झाली. दहा पावलांवर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी क्लच दाबून खोकलो, दुसरा गिअर पडला. मग तिसरा. रशीदभाई रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभे होते. मागून एसटीवाल्याने पुन्हा भोंगा दिला, पण या वेळी तो बराच सभ्य वाटला.

बाजार मागे पडला तसं आई समोर बघत बोलायला लागली. "हात गेला तवा त्यांनी गाडी इकायला काढली होती. गिऱ्हाईक दारात आलं, आन हे आत जाऊन बसले. जेवले न्हाईत. कुणी म्हणलं, गिअर बदलून घ्या, दुसरा बसवा. त्येबी नको. मंग मीच म्हणले, तुमचा उजवा हाय, माझा उजवा हाय. दोन हात झाले की! महिनाभर पहाटं शाळंच्या मैदानात शिकलो. क्लच दाबला की ते खोकायचे."

बाबांचा तो खोकला! मी दारात उभा राहून निरोप द्यायचो, आणि गाडी निघाली की आतून हमखास ऐकू यायचा. मी चार वर्षं परभणीहून खोकल्याची औषधं आणत होतो. एकदा तर छातीच्या डॉक्टरकडे चला म्हणून भांडलो होतो. बाबा बिचारे प्रत्येक बाटली गुपचूप ठेवून घ्यायचे.

"मला का नाही सांगितलंस?"

"सबूद दिला होता त्यांना. मास्तरचा हात गेला म्हणून कुणी कीव करू नये, एवढंच म्हणणं होतं त्यांचं."

मला पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला. आई म्हणाली, "डोळे पूस आन समोर बघ. चौथा टाकायचाय."

पावणेबाराला पोचलो. बारा वाजायच्या आत भन्तेजींचं जेवण झालं. मग लोक बोलायला उभे राहिले. सरपंच म्हणाले, मास्तरांनी एका हाताने संसार केला, एका हाताने गाडी चालवली. टाळ्या पडल्या. आई मान खाली घालून बसली होती. मी बोलायला उठलो. तिने वर बघून किंचित मान हलवली, नको म्हणून. मी म्हणालो, "बाबा गाडी फार चांगली चालवायचे," आणि खाली बसलो. भन्तेजींनी डोळे मिटून घेतले. ते हसत होते असा माझा अंदाज आहे.

परवा आईच म्हणाली, आता सांगितलंस तरी चालंल, म्हणून हे सांगतोय.

गाडी आजही आहे तशीच आहे. महिन्यातून एकदा आम्ही दोघं निघतो. गेल्या महिन्यात सोनपेठला मावशीकडे जाताना एका पोलिसाने थांबवलं. गाडीभोवती दोनदा फिरला, टपावरून हात फिरवला आणि विचारलं, "एवढी जुनी गाडी तुम्हीच चालवता?"

मी आईकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत बसली होती.

"हो," मी म्हणालो आणि लायसन्स काढून दिलं. निदान त्याच्यावरचा फोटो तरी माझा होता!