चौकातला माझ्या बहिणीचा फ्लेक्स

आमच्या कपड्यांच्या दुकानातले सगळे पुतळे गुलाबी आहेत. गोरे नव्हे, गुलाबी! अख्ख्या जळगावात त्या रंगाचं माणूस मी पाहिलेलं नाही, पण रोज त्यांनाच साड्या नेसवते. एखादी सावळी मुलगी आली की ती तोंड उघडायच्या आत तिची आई म्हणते, "लिंबू रंग नको हं, हिच्यावर मरतो." आम्ही मुकाट्याने दुसरा गठ्ठा काढतो. दुकानात वाद घालून चालत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीने हे जन्मभर ऐकलंय. ती काळी आहे. सावळी, गव्हाळ, निमगोरी असले लाड मला जमत नाहीत. काळी आहे आणि देखणी आहे. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, आई तिथेच असते. बहीण कॉलेजसाठी माझ्याकडे जळगावात, मेहरूणला राहते. आई स्वतः तिच्याहून काळी. सासरी तिला रंगावरून काय काय ऐकावं लागलं ते तिलाच ठाऊक. लेकीच्या वाट्याला ते नको म्हणून तिने बेसन आणि साय लावून पोरीला इतकं चोळलं, की कातडी सोलायचीच काय ती बाकी ठेवली. जीव होता म्हणून चोळायची. माझा राग तरीही जात नाही.

यंदा दिवाळीआधी एका मोठ्या कपडे कंपनीचा माणूस दुकानात बसला होता आणि बहीण माझा डबा घेऊन आली. तो मालकांना म्हणाला, "भाऊ, आता जाहिरातीत असे चेहरे चालतात. कंपनीला सगळ्या रंगांच्या मुली हव्यात." चालतात म्हणे! साड्यांची नवी डिझाईन आली जशी. मला चीड आली, पण बहिणीचा चेहरा असा उजळला की मी गप्प बसले.

मेहरूण तलावाच्या काठी तिचे फोटो काढले. लिंबू रंगाचा कुर्ता, केस मोकळे. मेकअपवाल्या बाईंनी नुसतं काजळ घातलं आणि डबा बंद केला. "हिला काही लावायचं नाही," म्हणाल्या. हे वाक्य बहिणीने मला घरी येऊन इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मी म्हटलं, बाई, आता जेव तरी! फोटो मोबाईलवर होता, पण आईला पाठवायचा नाही म्हणाली. दुकानाजवळच्या चौकात मोठा फ्लेक्स लागेल तेव्हाच दाखवायचा. "ताई, मला आहे तशी बघून आईने एकदाच चांगली म्हणावं. बस, अजून काही नको मला."

कंपनीने फोटो जसाच्या तसा पाठवला होता. पण खाली दुकानाचं नाव आणि आमच्या मालकांचा, भाऊंचा हात जोडलेला फोटो टाकायचा, म्हणून तो जळगावातल्याच फ्लेक्सवाल्याकडे गेला. आता आपल्याकडे वाढदिवस असो, निवडणूक असो की श्रद्धांजली, फ्लेक्सवर काळं माणूस कधी पाहिलंय कुणी? चेहरा आला की फ्लेक्सवाला आधी तो उजळून घेतो. कुणी सांगावं लागत नाही. मी नंतर तावातावाने त्याच्या दुकानात गेले तर बिचारा चकितच झाला. "ताई, प्रिंट काळी येत होती. तुमची बहीण म्हणून जास्तच मन लावून केलं." कपाळ माझं!

पण ते नंतर. आम्हाला काहीच माहीत नव्हतं. फ्लेक्स सकाळी लागला, आई दुपारच्या बसने आली, आणि आम्ही दोघी तिला स्टँडवरून थेट चौकात घेऊन गेलो. बहिणीने आईचा हात धरला होता. मी वर बघितलं. कुर्ता तोच, केस तेच, हसूही तिचंच. चेहरा मात्र आमच्या पुतळ्यांचा.

आईने मान वर करून बघितलं. मग तिच्या डोळ्यांना धार लागली.

"माय व! कितली गोड दिसी ऱ्हायनी मनी पोर!"

मी बहिणीकडे बघितलं. तिचा हात आईच्या हातातून केव्हाच सुटला होता. आमच्याकडे लेकरू गोड दिसलं की आया त्याच्या गालावरून हात फिरवतात आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडतात, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्यासाठी आईने कितीदा मोडलीत. बहिणीसाठी मोडलेली मला आठवत नाहीत. त्या दिवशी भर चौकात, रिक्षांच्या गर्दीत, आईने दोन्ही हात वर फ्लेक्सकडे फिरवले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. बहीण तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. मला ओरडावंसं वाटलं, अगं, गाल इकडे आहे, इकडे! पण आई इतकी सुखात मी कधी पाहिली नव्हती.

बहीणच बोलली, अगदी हळू. "आई, मी इथे आहे गं."

"हाव, दिसी ऱ्हायनी ना तू," आई म्हणाली, वर बघतच.