दोऱ्यातल्या सह्या

सत्यनारायणला क्रिकेट कधी खेळता आलं नाही. नवव्या वर्षी गल्लीत पहिल्यांदा बॅट धरली, पहिल्याच चेंडूला चष्मा फुटला आणि वडिलांनी त्याला शिलाई मशीनपाशी बसवला तो कायमचा. पण खेळ डोक्यात गेला तो गेलाच. तेव्हा च्युइंगगमच्या पाकिटातून खेळाडूंची रंगीत कार्डं निघायची. वर्गातली मुलं गम चघळायची आणि कार्ड टाकून द्यायची. सत्यनारायण गम वाटून टाकायचा आणि कार्डं गोळा करायचा. आज सदुसष्टाव्या वर्षी त्याच्याकडे अशी तीनशेवर कार्डं आहेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत देशवार लावलेली.

पुढे म्हैसूरच्या सरस्वतीपुरमला त्याने स्वतःचं टेलरिंगचं दुकान टाकलं. मैदान फार लांब नव्हतं. कॉलेजचे, कधी कधी राज्याचेही खेळाडू पँटी आखूड करून घ्यायला यायचे. त्यांची सही घ्यायला वही कुठली हाताशी असणार? समोर पांढऱ्या ड्रिलची, पँटीच्या जाड सुती कापडाची, कात्रणं पडलेली असत. त्यावरच तो सही घ्यायचा आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या सहीवरून निळ्या रेशमी दोऱ्याने साखळी टाका घालायचा. शाई एक वेळ जाईल, दोरा जायचा नाही, असा त्याचा हिशेब.

त्या सगळ्यांत त्याचं लाडकं कापड अकरा सह्यांचं होतं. त्र्याऐंशी साली म्हैसूरच्या मुलींचा एक संघ विद्यापीठांच्या स्पर्धेला निघाला होता. मुलींना पँटी शिवून द्यायला कुणी टेलर तयार होईना. सत्यनारायण तयार झाला. मापं त्याच्या बायकोने, जानकीबाईने घेतली. मुली त्याला ‘टेलरण्णा’ म्हणायच्या. पँटी न्यायला आल्या त्या दिवशी अकरा जणींनी एकाच कापडावर सह्या केल्या. त्यांची कार्डं कुठल्याच पाकिटातून कधी निघाली नाहीत.

गेल्या वर्षी म्हैसुरात जुन्या संग्रहांचं एक प्रदर्शन भरणार होतं. मुलीने, स्पंदनाने, वडिलांना न विचारताच अर्ज भरला. वस्तू पारखायला बेंगळुरूहून एक गृहस्थ आले. मूळचे पुण्याचे, बोलणं सभ्य. कार्डं त्यांनी भिंगातून पाहिली आणि मनापासून वाखाणली. मग कापडं उलटसुलट केली.

“ही मात्र घेता येणार नाहीत,” ते म्हणाले. “सही म्हणजे खेळाडूच्या हातची शाई. ही तर तुमची शिलाई झाली.”

सत्यनारायणने मान डोलावली, कापडं घडी करून ठेवली आणि त्यांना कॉफी पाजली. ते गेल्यावर मात्र तो दुपारभर मशीनवर बसला नाही.

“सुम्ने, उगाच कशाला मनाला लावून घेता?” जानकीबाई म्हणाली. “त्या माणसाला आपल्या टाक्यातलं काय कळतंय?”

“शाई खाली आहे गं,” तो म्हणाला. “दाखवली असती तर मानलं असतं त्यांनी.”

आणि ते दाखवायला म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्याने बारीक कात्री घेतली. कापडाच्या कोपऱ्यात कमलिनीची सही होती, संघाची विकेटकीपर. तिच्या नावातलं पहिलं अक्षर, कन्नडमधला ‘क’, त्याने हलक्या हाताने उसवलं. खाली काहीच नव्हतं. नुसतं कोरं ड्रिल. दर दसऱ्याआधी त्याने स्वतःच ते कापड धुतलं होतं, चाळीस वर्षं. शाई कधीच वाहून गेली होती.

त्याने पुन्हा सुईत दोरा ओवला खरा, पण हात पुढे होईना. कमलिनीचा ‘क’ कुणासारखा नव्हता एवढंच आठवत होतं. कसा होता, ते आठवेना. बाकीचा प्रत्येक टाका त्या मुलींच्या हातामागून गेला होता. हा एक अंदाजाने घातला असता, तर तो नुसता त्याचा झाला असता.

“तिलाच विचारायला पाहिजे,” तो जानकीबाईला म्हणाला.

स्पंदनाने कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनींकडे चौकशी केली. आठवड्याने संघातल्या काही जणींच्या पत्त्यांची यादी मिळाली. कमलिनी हूटगळ्ळीला मुलाकडे राहत होती. सत्यनारायणने कापड आणि सुई-दोरा पिशवीत घातला आणि बस धरली.

दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या एका उंच बाईने. एक हात चौकटीवर, नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे.

“यारु?” तिने विचारलं.

“मी सत्यनारायण. सरस्वतीपुरमचा टेलर.”

तिचंही घर मराठी होतं; ओळख पटताच ती मराठीत म्हणाली, “टेलरण्णा? तुमच्या पँटीचा खिसा एवढा खोल होता, की चेंडू घातला तर निघायचा नाही.”

आत बसल्यावर त्याला कळलं, की काचबिंदूने तिची दृष्टी जाऊन सात वर्षं झाली होती. त्याला पिशवी उघडावीशी वाटेना. न दिसणाऱ्या माणसाला सही काय दाखवायची? पण तिनेच विचारलं, “काय आणलंय?”

त्याने कापड तिच्या मांडीवर पसरलं. तिची बोटं टाक्यांवरून हळूहळू सरकू लागली आणि एका जागी थांबली.

“ही मधू. सहीखाली दोनदा रेघ ओढायची.” बोट पुढे गेलं. “ही आमची कॅप्टन. नाव कधी पूर्ण लिहायचीच नाही.” एकेक करत ती कोपऱ्यापर्यंत आली. “आणि ही मी. पण माझं पहिलं अक्षर कुठंय?”

सत्यनारायणने सगळं सांगितलं. पारखी गृहस्थ काय म्हणाले ते, आणि आपण काय केलं तेही.

“घरात फोटोंचा अल्बम आहे,” ती म्हणाली. “सून म्हणते, अत्ते, तुम्ही किती छान दिसायचात. मी हात लावते, तर हाताला गुळगुळीत कागद लागतो. आज माझ्या मुली हाताला लागल्या बघा.” तिने हात पुढे केला. “पेन द्या.”

त्याने तिचं बोट रिकाम्या जागेवर नेऊन ठेवलं. तिने ‘क’ काढला.

“मोठा झाला ना, अल्वा?”

“थोडा. राहू दे.”

तिथेच बसून त्याने तो शिवला. ती शेजारी बसून सुईचा आवाज ऐकत होती. तो शेवटची गाठ मारत असताना तिने विचारलं, “मधू कुठे असते हो?”

स्पंदनाने आणलेल्या यादीत मधू होती. शाळेतून निवृत्त होऊन बैलकुप्पेच्या तिबेटी वसाहतीजवळ राहत होती.

“उपांत्य सामन्यात तिच्या चेंडूवर माझ्याकडून झेल सुटला,” कमलिनी म्हणाली. “हरलो आम्ही. परतीच्या गाडीत ती माझ्याशी बोलली नाही. मग परीक्षा, मग लग्नं. तसंच राहिलं ते.”

“जायचं का?” सत्यनारायणने विचारलं. विचारल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. आजवर सह्या त्याच्या दुकानात आल्या होत्या, तो कुणाकडे गेला नव्हता.

ठरलेला रविवार नेमका प्रदर्शनाचा निघाला. कार्डं घेऊन स्पंदना तिकडे गेली. सत्यनारायण, जानकीबाई आणि कमलिनी बैलकुप्पेच्या बसमध्ये बसले. कमलिनीने वाटभर जानकीबाईचा हात सोडला नाही.

थांब्यावर मधू उभी होती, ठेंगणी, पांढऱ्या केसांची. लाल वस्त्रातले दोन तरुण भिक्खू तिला नमस्कार करून पुढे गेले. कमलिनी खाली उतरली आणि मधूच्या हाकेच्या दिशेने तोंड करून म्हणाली, “मधू, तो झेल...”

“पायाच्या बाजूने बाहेर चालला होता तो चेंडू,” मधू म्हणाली. “मी वाईट टाकला होता. गाडीत बसल्या बसल्याच मला ते कळलं होतं. पण तुला सांगायला तोंड उघडेना.”

“चाळीस वर्षं?”

“हो ना. मास्तरीण झाले, हजार मुलांना चूक कबूल करायला लावली.” तिने कमलिनीचा दंड धरला. “पायरी आहे, जपून.”

घरी जेवणं झाली. मधूने कापड टेबलावर अंथरलं आणि एकेका नावावर बोट ठेवून सांगू लागली. दोघी आता नव्हत्या. एक परदेशी होती. कॅप्टन हासनला होती, गुडघ्यांनी घरात अडकलेली, फोनवर सगळ्यांवर खेकसणारी.

“तिला हे हातात द्यायला पाहिजे,” कमलिनी म्हणाली.

दोघींनी सत्यनारायणकडे तोंड वळवलं. तो जानकीबाईकडे पाहू लागला.

“माझ्याकडे काय बघताय?” जानकीबाई म्हणाली. “हासनची गाडी किती वाजता असते, ते विचारा त्यांना.”