खाली कोण राहतं?

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते साचतात. आमच्या कंपनीची बस सकाळी आकुर्डीहून निघते आणि भोसरी, मोशी करत चाकणला पोचेपर्यंत इतकी रखडते की माणूस एक तर झोपतो, नाही तर बोलतो. आम्ही मागच्या सीटवरचे चौघे झोपत नाही. मी क्वालिटीत, गणेश पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर, म्हणजे प्रेस शॉपमध्ये, कांबळे स्टोअरमध्ये आणि मारुंजीचा बाळू डिस्पॅचला. विषय कुठलाही निघो, गाडी शेवटी घरावर येते. कुणाचं घर भाड्याचं, कुणाचं हप्त्याचं, कुणाचं नुसतं ब्रोशरमधलं. आणि घराचा विषय निघाला की किस्सा गणेशचाच होतो, कारण आमच्यात सगळ्यात जास्त घरं त्यानं बदलली आहेत.

दोष त्याचा नाही. दोष शेंगदाण्याच्या चटणीचा आहे.

गणेशची बायको, म्हणजे आमच्या वर्षा वहिनी, तुळजापूरकडच्या. त्यांच्याकडे ही चटणी उखळात कुटतात, दाण्याला तेल सुटून गोळा होईपर्यंत. मिक्सरमध्ये जे होतं त्याला त्या भुगा म्हणतात. लग्नात माहेरहून त्यांनी चांगलं गुडघ्याएवढं दगडी उखळ आणलं. गणेश दिवसभर कंपनीत, वहिनी घरी, आणि त्यांना रिकामं बसवत नाही. हाताला काम नसलं की जीव कासावीस होतो, मग मूठभर दाणे भाजायचे आणि कुटायला घ्यायचे. तेवढा वेळ त्या शांत असतात. चटणी डब्यातून आमच्यापर्यंत येते, त्यामुळे या पापात आमचाही वाटा आहे.

घर बघायला गेलं की लोक विचारतात पाणी किती वेळ येतं, लिफ्टला बॅकअप आहे का. वर्षा वहिनी दारातूनच विचारतात, "खाली कोण राहतं?"

*

सुरुवात भोसरीतून झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली घरमालक. मालक स्वतः वर्कशॉपवाला, आयुष्य मशीनच्या आवाजात गेलेलं. त्यानं आठवडाभर काही म्हटलं नाही, नुसता कान देऊन ऐकत राहिला. मग एक दिवस गणेशला जिन्यात गाठून बाजूला घेतलं.

"गणेशभाऊ, खरं सांगा. वर प्रेस बसवलाय ना?"

गणेश म्हणाला, "कसला प्रेस?"

"मला शिकवू नका राव. तुम्ही प्रेस शॉपला आहात. स्ट्रोक ऐकूनच कळतं मला. जॉबवर्क घेता, घ्या. पण चोरून कशाला?"

गणेशनं त्याला वर नेलं आणि उखळ दाखवलं. मालकानं चारही बाजूंनी पाहिलं, मुसळ उचलून त्याचं वजन बघितलं, टोकाचं लोखंडी कडं बोटानं चाचपलं. मग म्हणाला, "मोटर नाही ते ठीक आहे. पण लोड बघता कमर्शियल मीटर घ्यावं लागेल."

त्याला समजावण्यापेक्षा घर बदलणं सोपं होतं.

*

घर बदलायचं ठरल्यावर गणेशनं आम्हाला मेसेज टाकला, "रविवारी शिफ्ट आहे, सकाळी लवकर या, मदत लागेल."

मी आणि बाळू भोसरीला पोचलो. टेम्पो आला, कपाटं चढली, उखळ तेवढं राहिलं, कारण ते उचलायला कांबळेच हवा. कांबळे अंगानं भक्कम. फोन लावला तर लागेना. आम्ही तिघं उखळाभोवती उभे, टेम्पोवाला हॉर्न मारतोय, वहिनींची चिडचिड वेगळीच.

दुपार व्हायला आली तेव्हा कांबळे आला. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, पायात सेफ्टी शूज, छातीवर आयकार्ड, आणि तोंड असं की कुणी बोलायची सोय नाही. बिचारा चाकणला जाऊन आला होता. या पट्ट्यात शिफ्ट म्हटलं की माणूस आधी डबाच भरतो. गेटवर सिक्युरिटीनं सांगितलं, आज कंपनी बंद आहे. तरी हा बसून राहिला, म्हणे उघडतील.

त्यानं सेफ्टी शूजसकट उखळ उचललं आणि टेम्पोत ठेवलं. सोमवारी बसमध्ये गणेशला म्हणाला, "रविवार गेला त्याची बदली सुट्टी, कॉम्प ऑफ, कधी देतोस?"

*

पुढचं घर बाळूचं. बाळूचे वडील मारुंजीचे जुने शेतकरी, आता शेतात इमारत उभी आहे आणि तिच्यात आयटीची पोरं राहतात. बाळू म्हणाला, "गणेश, आपलं घर आसताना तू भायेर भाडं कशाला भरतो? न्हाई म्हनू नको." गणेशनं नाही म्हटलं नाही.

खाली एक सॉफ्टवेअरवाला मुलगा होता, घरून काम करणारा. मुलगा सभ्य. तो भांडायला आला नाही. वर येऊन म्हणाला, "ताई, तुमचं हे साधारण किती वाजता असतं? माझे क्लायंट विचारतात, मागे बांधकाम चालू आहे का."

वहिनींनी दुपारची वेळ सांगितली. संध्याकाळी गणेशच्या फोनवर मीटिंगचं इन्व्हाइट आलं. विषय, चटणी. रोज, सोमवार ते शुक्रवार. वहिनींनी ते स्वीकारलं आणि काही दिवस वेळ पाळलीसुद्धा. पण अस्वस्थपणा काही कॅलेंडर बघून येत नाही. एकदा सकाळीच दाणे भाजले गेले.

मुलानं बाळूकडे खोली सोडायची भाषा काढली. बाळू दोन दिवस बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "गणेश, तू माझा मैतर हायेस." आम्ही सगळे थांबलो. "पन त्यो भाडेकरू हाय."

*

तिथून निघण्याआधी आम्ही एक प्रयत्न केला होता. आम्ही म्हणजे मी. शेवटी क्वालिटीचा माणूस, प्रॉब्लेम दिसला की हात शिवशिवतात. मशीनखाली कंपन अडवायला रबराचे पॅड असतात. मेंटेनन्सनं टाकून दिलेले चार मी रीतसर गेटपास करून घेतले आणि मारुंजीला उखळाखाली बसवले. वर एक भाषणही दिलं, कंपन कसं खाली जातं, रबर ते कसं खातं. गणेश मान डोलावत होता.

वहिनींनी पहिला घाव घातला. आवाज खरंच कमी झाला. दुसऱ्या घावाला उखळ डोलायला लागलं. तिसऱ्याला त्यातली चटणी उठून भिंतीवर गेली, थोडी माझ्या चष्म्यावर.

वहिनींनी मुसळ खाली ठेवलं. पदरानं हात पुसत अगदी शांतपणे विचारलं, "भाऊजी, कंपनी तुम्हाला पगार कशाचा देतीय की?"

*

मोशीच्या फ्लॅटवर मात्र आम्ही सगळे खूश होतो. एजंटला वहिनींनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "खाली कुणीच नाही मॅडम. पहिला मजला आहे, खाली पार्किंग." वहिनींनी त्याला परत सांगायला लावलं. गणेशनं किचन न बघताच होकार दिला. आता नवीन इमारतींना तळमजलाच नसतो, तिथं गाड्या राहतात. गाड्यांना ऐकू येत नाही, असा आमचा समज होता.

बरोबर खाली एका मेंबरची नवी गाडी उभी असायची. पहिल्या दुपारी वहिनींनी कुटायला घेतलं आणि गाडीचा अलार्म सुरू झाला. मेंबर धावत खाली आला, कुणी नाही. अलार्म बंद करून वर गेला, परत सुरू. आठवडाभर सोसायटीच्या ग्रुपवर चोर फिरत होता. वॉचमननं दांडकं घेऊन खांबामागे उभं राहून पाहिलं, आणि शेवटी छताकडे बघितलं.

सेक्रेटरींनी गणेशला बोलावलं. मी सोबत गेलो होतो. मी म्हटलं, "साहेब, गाडी थोडी पलीकडे लावता येणार नाही का?"

सेक्रेटरी म्हणाले, "पार्किंग अलॉटेड आहे, गाडी हलणार नाही. हे भाड्यानंच आहेत ना? हे हलतील."

मला इतका संताप आला की मी जिन्यातच गणेशला म्हटलं, तू भांडत का नाहीस. तो म्हणाला, "भांडून मग तिथंच राहायचं असतं राव."

*

मध्ये गणेशनं मिक्सर आणून पाहिला. वहिनी दोन दिवस माहेरी गेल्या होत्या तेव्हा स्वतः चटणी केली आणि काही न सांगता डबा बसमध्ये उघडला. आम्ही खाल्ली. कांबळे फार वेळ चावत होता, म्हणजे चावण्यासारखं काही नसताना चावत होता. मग म्हणाला, "पावडर बरी आहे. कशावर टाकायची?"

*

या सगळ्यात त्यांची मुलगी ओवी मोठी झाली, पहिलीत जायच्या वयाची. आकुर्डीत शाळेत नाव घालायला तिघं गेले. बाईंनी प्रेमानं विचारलं, तुझं नाव काय, आवडता रंग कुठला. सगळं बरोबर सांगितलं. मग विचारलं, "बाळ, तू राहतेस कुठं?"

ओवी म्हणाली, "सध्या?"

बाई हसल्या. गणेशही हसला. बसमध्ये सांगताना तो परत हसला, आम्हीही हसलो, आणि मग चाकण येईपर्यंत कुणी दुसरा विषय काढला नाही. त्याच संध्याकाळी वहिनींनी त्याला सांगितलं होतं, आता शाळेजवळ एकच घर बघा आणि तिथून मला हलवू नका. चटणी गेली खड्ड्यात. पोरीची शाळा आता बदलायची नाही.

*

घर मिळालं. आकुर्डीतच, शाळेच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला. खाली घरमालकीण, एकट्या राहणाऱ्या रिटायर्ड शिक्षिका. त्यांच्याकडे बघितलं की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटतं. मोशीची कीर्ती त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. त्यांनी अट घातली, "वर ठोकाठोक झाली तर महिन्याच्या आत घर रिकामं." वहिनी म्हणाल्या, "होणार नाही." उखळ आम्हीच गॅलरीच्या कोपऱ्यात सरकवलं. वहिनींनी त्यावर कुंडी ठेवली आणि मुसळ माळ्यावर टाकलं.

डब्यात चटणी यायची बंद झाली. आम्ही विषय काढला नाही. गणेश म्हणायचा, घर एकदम शांत आहे. सांगताना त्याचा चेहरा मात्र शांत दिसत नव्हता.

अशाच एका रविवारी आम्ही तिघं त्याच्याकडे चहाला गेलो होतो. वहिनी एका जागी ठरत नव्हत्या. चहा दिला, आत गेल्या, बाहेर आल्या, गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे चाचपले, परत आत. तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या बाई.

"गणेशराव, तुमच्याशी बोलायचंय."

गणेश उठून उभा राहिला. कांबळेनं कप खाली ठेवला. ओवी टीव्ही सोडून आत पळाली.

बाई म्हणाल्या, "वर दिवसभर कोण चालतं?"

वहिनी म्हणाल्या, "मीच चालते बाई. पण कुटत नाही ओ, खरंच. घर लावल्यापासून हात लावला नाही."

"ते मला माहीत आहे. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये, परत स्वयंपाकघरात. सकाळी हे निघाले की सुरू. मी खाली पेपर वाचू शकत नाही. तुमच्या पावलांबरोबर माझी मान फिरते."

वहिनी खाली बघून म्हणाल्या, "हळू चालते उद्यापासून."

"हळूच चालता. तेच तर ऐकवत नाही."

मी काही तरी बोलणार होतो, पण तेवढ्यात ओवी आतून आली. खांद्याला शाळेचं दप्तर, एका हातात खेळण्यांची पिशवी, पायात बाहेरच्या चपला. येऊन आईला चिकटून उभी राहिली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तू कुठं निघालीस?"

"माहीत नाही," ओवी म्हणाली. "अजून ठरलं नाही."

गणेशनं तोंड फिरवलं. बाळू चहाच्या कपात बघत राहिला. बाई वर्षा वहिनींना म्हणाल्या, "घरात दाणे आहेत का?"

"आहेत."

"भाजलेले?"

"नाही. कच्चेच आहेत."

"मग भाजा," बाई म्हणाल्या. त्यांनी दाराशी चपला काढल्या, आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.