अकरा चित्ररथ आणि नासेर मिस्त्री

सेनगाव रस्त्याच्या फाट्यावर नासेर मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेली तीस वर्षं ते तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. आसपासच्या गावांतून सोयाबीन, कापूस, हळद जे काही हिंगोलीच्या मोंढ्यात विकायला जातं, त्यातलं निम्मं मिस्त्रींच्या ट्रॉलीत बसून जातं असं लोक म्हणतात. मिस्त्री स्वतः पाऊण म्हणतात.

त्यांच्या ट्रॉलीचं नाव झालं ते एका गोष्टीमुळे. ट्रॉलीची दोन्ही चाकं ते बरोबर मध्यावर बसवत नाहीत, थोडी मागे बसवतात. मग मालाचं थोडं वजन पुढं ट्रॅक्टरच्या हुकावर येतं आणि चढावर ट्रॅक्टरची मोठी चाकं जमीन सोडत नाहीत. मागे म्हणजे किती मागे, हे ठरवायला मिस्त्रींना टेप लागत नाही. एक डोळा मिटून बघतात, खडूनं खूण करतात आणि काम सुरू.

यंदा जानेवारीत साधना मॅडम त्यांच्या दुकानावर आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांच्याकडे तिसरीचा वर्ग आहे, बावीस लेकरं.

"चाचा, सव्वीस जानेवारीला छोटे चित्ररथ काढायचेत. दिल्लीत निघतात ना, तसे. दोघादोघांत एक, म्हणजे अकरा. विषय आहे 'आपला जिल्हा'."

"काढू की. किती टनाचे पाह्यजेत?"

"पुठ्ठ्याचे. आणि तुम्ही नाही, लेकरं बनवणार. तुम्ही फक्त सांगायचं. हात लावायचा नाही."

मिस्त्री हसले. "हात न्हाई लावायचा तर मिस्त्रीला काहून बोलावून राहिल्या? एखाद्या पुढाऱ्याला बोलवा."

मॅडमनी मग मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली. पालकांनी हिंगोलीहून थर्मोकोलचे तयार चित्ररथ आणले होते. बाप ते डोक्यावर घेऊन मैदानात चालले आणि लेकरं मागून मोकळ्या हातानं. पाहुण्यांनी एकाला विचारलं, तुझ्या रथात काय आहे बाळा? तो म्हणाला, "पप्पाला इचारा."

मिस्त्री कबूल झाले. त्यांची स्वतःची शाळा तिसरीतच सुटली होती. पुन्हा तिसरीत बसायला मिळणार याचं त्यांना मनातून फार बरं वाटलं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शाळा समितीचे अध्यक्ष उत्तमराव यांना मात्र हा बेत पसंत नव्हता. शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख झेंडावंदनाला येणार होते. "लेकरायच्या हातचं काय दिसनार मॅडम? चिखल आन् पुठ्ठे. चोवीस तारखेला मला मैदानावर एक चक्कर मारून दाखवा. जमलं तर ठीक. न्हाई जमलं तर मी हिंगोलीला फोन करतो, पंचवीसला तयार माल हजर."

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री रोज दुपारी शाळेत जायला लागले. खोकी किराणा दुकानातून आली, चाकांचे कणे म्हणून सायकलचे जुने स्पोक आले. चाकं कापायला लेकरांनी घराघरातून तुटक्या चपला आणल्या. त्यातली एक तुटकी नव्हती, ती संध्याकाळी एका आजीला परत करावी लागली. हात चुकून पुढं जाऊ नयेत म्हणून मिस्त्रींनी ते पाठीमागे घेऊन दस्तीनं, म्हणजे रुमालानं, बांधून घेतले होते. बाकावर बसून ते नुसते तोंडानं काम करत.

"मापाला काय घेऊ चाचा?"

"वीत. तीन वीत लांब, दीड वीत रुंद."

"कोनाची वीत?"

यावर पहिला तास गेला. शेवटी ज्याची वीत मोठी त्याचं माप धरायचं ठरलं, आणि मग दोन दिवस सगळा वर्ग बोटं ताणत फिरत होता.

एका रथावर औंढ्याचं देऊळ आलं. एकावर सेनगावची जीप आली, तिच्यात आणि टपावर मिळून एकोणीस माणसं होती, आणि ड्रायव्हर बाहेर लटकला होता. मुन्ना आणि कोमल यांची जोडी सगळ्यात अवघड. कोमलला हळदीचा ढीग हवा होता आणि मुन्नाला त्याची म्हैस.

"म्हैस जिल्ह्यात येते का?" कोमलनं विचारलं.

"मग काय परभनीला ऱ्हाती?"

"हळदीजवळ म्हशीचं काय काम?"

"उभी ऱ्हाईन गप. खानार न्हाई."

मिस्त्रींनी निकाल दिला की दोन्ही येऊ द्या, ट्रॉलीत जागा हाय. मातीची म्हैस झाली. हळद मात्र कोमलनं घरून खरी आणली, दळलेली, आणि पुठ्ठ्यावर तिचा ढीग केला.

चाकं कुठं बसवायची हा प्रश्न आला तेव्हा मिस्त्रींना विचार करावा लागला नाही. मध्याच्या थोडं मागं, ते म्हणाले. बावीस लेकरांनी एकेक डोळा मिटून बघितलं आणि खुणा केल्या. तयार झालेले रथ व्हरांड्यात ओळीनं लावले. प्रत्येकाच्या नाकाखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, विटेचा एकेक तुकडा ठेवला. मिस्त्रींच्या दुकानासमोर नव्या ट्रॉल्या ट्रॅक्टरची वाट बघत अशाच उभ्या असतात. अकरा रथ, सारखे, सरळ. मिस्त्री लांबून बघून खूश झाले.

चोवीस तारखेला उत्तमराव पांढरे कपडे घालून मैदानात खुर्ची टाकून बसले. लेकरांनी रथांना सुतळ्या बांधल्या. मॅडमनी शिट्टी वाजवली.

पहिला रथ विटेवरून पुढं आला आणि त्यानं नाक जमिनीत खुपसलं. दुसऱ्यानंही. सुतळी ओढली की नाक थोडं वर यायचं, सैल सोडली की धाडकन खाली. जीपमधली एकोणीस माणसं एकदमच उतरली. देवळाचा कळस घरंगळत गेला. मुन्ना बारक्या अंगाचा पण जिद्दी. त्यानं खुर्चीसमोरून जाताना सुतळीला असा हिसका दिला की म्हैस पुढं आली आणि हळदीचा ढीग उडून उत्तमरावांच्या शर्टावर गेला.

कुंपणापाशी उभं असलेलं कुणीतरी म्हणालं, "उत्तमराव, या वयात हळद लागली म्हना की."

सगळे हसले. उत्तमरावांनी शर्ट झटकला, त्यानं पिवळेपणा आणखीन पसरला. "मॅडम, मी फोन करतो," ते म्हणाले.

"उद्या दुपारपर्यंत थांबा," मिस्त्री म्हणाले. "चूक लेकरायची न्हाई, माझी हाय. काय चुकलं ते मलाच समजून न्हाई राहिलं."

"दुपारी बारा," उत्तमराव म्हणाले. "त्याच्यापुढं एक मिनिट न्हाई."

संध्याकाळी मिस्त्री दुकानासमोर चहाची कपबशी घेऊन बसले. समोर विकायची नवी ट्रॉली उभी होती, नाक विटांवर टेकवून. ते बघत राहिले.

"चाय ठंडी हो री," त्यांची बायको रहिमाबी म्हणाली. "क्या देख रे जी उधर?"

"इटा देख रा हूं," मिस्त्री म्हणाले, आणि कपाळावर हात मारून घेतला.

आयुष्यभर त्यांनी जे वजन ट्रॅक्टरच्या हुकासाठी पुढं पाठवलं होतं, तेच त्यांनी इथंही पाठवलं होतं. इथं हूक नव्हता. सुतळी होती, आणि सुतळी ओढते, पण तोलून धरत नाही. ट्रॉली विटेवर उभी बघायची सवय इतकी पक्की झाली होती की विटेशिवाय ती पडेल हे सुचलंच नाही.

ते पक्कड घेऊन शाळेकडे गेले. स्पोक काढून मध्यावर घालायचे, एका रथाला दहा मिनिटं, दोन तासांत काम फत्ते. व्हरांड्यात बसून त्यांनी पहिला रथ उचलला. तो कोमल आणि मुन्नाचा होता. प्रत्येक स्पोकच्या टोकाला लेकरांनी डिंकाचे चार-चार थर दिले होते, आणि डिंकात बारीक बोटांचे ठसे उमटले होते. मिस्त्रींनी पक्कड लावली, काढली, पुन्हा लावली. मग रथ होता तिथं ठेवला आणि पक्कड खिशात घालून घरी आले. उद्या आपण सुधारलेला रथ चालला, तर पुन्हा कुणीतरी म्हणेल, चाचाला इचारा.

पंचवीसला सकाळी त्यांनी वर्गाला नाक टेकलेला रथ दाखवला. "हा काहून पडून राहिला? सांगा."

"वजन जास्त झालं."

"म्हशीनं पडला."

"म्हशीला काही बोलायचं न्हाई," मुन्ना म्हणाला.

कोमल बराच वेळ वाकून बघत होती. "चाचा, याला पुढून कोनी धरलंच न्हाई. ट्रॉलीला ट्रॅक्टर धरून असतो. आपला ट्रॅक्टर कुठं हाय?"

मिस्त्रींनी दस्ती तोंडावर दाबून धरली. बोललं तर सगळंच बोलून टाकू अशी त्यांना भीती वाटली.

"मग आपनच ट्रॅक्टर व्हायचं," मुन्ना म्हणाला.

"दोघं-दोघं हावत. बैल व्हता येतंय," कोमल म्हणाली.

"मी ट्रॅक्टरच होनार."

ट्रॅक्टर की बैल यावर वर्ग फुटला, पण सुतळीच्या जागी ताठ काहीतरी पाहिजे एवढं सगळ्यांनाच कळलं. ताठ, हलकं आणि आत्ताच्या आत्ता मिळणारं. तुरी नुकत्याच निघाल्या होत्या, शाळेमागच्या शेतात तुराट्यांचे भारे उभे होते. लेकरं धावत गेली आणि वाळक्या तुरीच्या सरळ काड्या निवडून घेऊन आली. प्रत्येक रथाला दोन दांड्या, पुढं एक आडवी. दोघांनी मिळून आडवी काडी धरली की नाक वर उचललेलंच राहायचं.

बाराला पाच कमी असताना उत्तमराव आले, आज निळा शर्ट घालून. अकरा रथांनी त्यांच्यासमोरून डुगडुगत अर्धी चक्कर मारली. तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज काढणारी लेकरं पुढं, गळ्यात घुंगरू बांधलेली मागं. उत्तमरावांनी फोन खिशातून काढला आणि किती वाजले तेवढं बघून परत ठेवला. "पूर्न चक्कर उद्या बघू," ते म्हणाले. "साहेबासमोर तुटलं तर माझं नाव सांगू नका."

सव्वीसला झेंडा फडकला आणि रथ निघाले. केंद्रप्रमुख उभे राहून बघत होते. कोपऱ्यावर जीपच्या रथाची आडवी तुराटी मोडली. मिस्त्रींनी एक पाऊल पुढं टाकलं, पण तेवढ्यात मागच्या रथाची दोन लेकरं थांबली, त्यांनी आपली आडवी काडी काढून दिली आणि स्वतः दांड्या हातात धरून पुढं निघाली. एकोणीस माणसं जागच्या जागी शाबूत राहिली.

"यात काय आहे?" केंद्रप्रमुखांनी कोमलला विचारलं.

"हळद," ती म्हणाली. "पहिले उकडायची, मग वाळवायची, मग घोळायची. ही म्हैस याची हाय. तिचं काम न्हाई, पन ती येती."

अकराच्या अकरा रथांनी चक्कर पूर्ण केली आणि जिथून निघाले तिथं आले. आता थांबायचं होतं आणि उत्तमरावांचं भाषण व्हायचं होतं. ते कागद काढून माईकजवळ उभे राहिले. पण ट्रॅक्टरांनी जागच्या जागी आवाज वाढवला, बैलांनी माना हलवल्या आणि रांग दुसऱ्या चकरेला निघाली. मॅडमनी शिट्टी वाजवली. लेकरांना वाटलं, जोरात जायला सांगितलंय.

"मिस्त्री, थांबवा की त्याह्यला," उत्तमराव म्हणाले.

"बिरेक लावायचे राहिले," मिस्त्री म्हणाले.

रांग तिसऱ्या चकरेला वळली तेव्हा उत्तमरावांनी भाषणाचा कागद खिशात घातला आणि नीट दिसावं म्हणून खुर्ची थोडी पुढं ओढून घेतली.