अक्काची नजर

देगलूरच्या आमच्या घरात एका धान्याचं जेवण कधी शिजलंच नाही. अप्पा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. पोती उचलून झाली की काट्याखाली सांडलेलं धान्य गोळा करून न्यायची त्यांना मुभा होती. ते टॉवेलात बांधून घरी आणायचे. त्यात ज्वारी असायची, तूर असायची, मूग, करडई, खडे, सुतळीचे तुकडे... सगळंच. अक्का ते सुपात घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि दिवस मावळेपर्यंत निवडायची. निवडून उरेल ते एकत्र शिजायचं. मी नाक मुरडलं की म्हणायची, "एवढी धान्यं एका ताटात राजाच्या घरी बी नसत्यात, नंदे. गुमान खा." पुढं अप्पांची पाठ गेली आणि टॉवेल यायचा बंद झाला, तेव्हा तिची ही मस्करीही बंद झाली. पाण्यात पीठ कालवून प्यायचं आणि झोपायचं, असे दिवस आम्ही काढले आहेत. अव्वा, आमची आई, तर मी रांगत होते तेव्हाच गेली. मला वाढवलं ते माझ्या या थोरल्या बहिणीनं.

ती गेल्या महिन्यात वारली. नांदेडला तिच्या मेसमध्ये जेवलेला एक मुलगा आता तिथंच इंजिनिअर आहे. त्याच्या मुलीच्या बारशाला त्यानं अक्काला हट्टानं बोलावलं होतं. बारसं झालं, दुसऱ्या दिवशी लातूरला परतायचं होतं. मी शाळेत होते, शेवटचा तास नुकताच संपत होता. त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, अक्का दुपारी जेवून आडव्या झाल्या... उठल्याच नाहीत." माणूस अशा वेळी काय विचारेल सांगता येत नाही. मी विचारलं, "जेवली होती ना?" तो म्हणाला, "पोटभर." मग दोघंही रडलो. तिला देगलूरला नेलं, आमच्या लिंगायत रीतीनं बसवून माती दिली, आणि मी लातूरला परत आले. तेव्हापासून तिच्याबद्दल लिहीन म्हणते, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं.

अक्काला उदगीरला दिलं होतं. घर दुकानदाराचं, खाऊनपिऊन सुखी. मूल झालं नाही. काही वर्षं दवाखाने झाले, नवस झाले, आणि मग नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि हिला एका ट्रंकेसह देगलूरच्या बसमध्ये बसवून दिलं. आमच्याकडं अशा बाईला 'टाकलेली' म्हणतात. शब्द साधा आहे, पण तो ज्या बाईला लागतो तिला हळदीकुंकवाच्या घरात कुठं उभं राहावं हे कळेनासं होतं. डोहाळजेवणाला तिला बोलावत नाहीत. बोलावलं तर ओटी भरायला पुढं करत नाहीत. बाळंतिणीच्या खोलीच्या दारातूनच ती मागं फिरते. कुणी अडवायच्या आधी आपणच फिरते. अक्का देगलूरला थोडे दिवसच राहिली. अप्पा तोवर वारले होते; तिनं मला बरोबर घेतलं आणि नांदेड गाठलं. आधी लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, मग कॉलेजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन मेस सुरू केली.

त्या मेसवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही मान वर करून सांगते. पण माझं सर्टिफिकेट अक्काच्या पोळपाटावर लाटलेलं आहे, हेही त्याच दमात सांगते. बिलोली, किनवट, इस्लापूरकडची पोरं तिच्याकडं जेवायची. तिचा एकच कायदा: अर्ध्या पोटी कुणी उठायचं नाही. ती चौकटीला टेकून उभी राहायची आणि जेवणाऱ्यांकडं एकटक बघत राहायची. एखादा हात आखडता घ्यायला लागला की हिचं सुरू, "का रे, भाजीत खडा लागला का?"

"पोट भरलं अक्का."

"तुझं पोट भरलं का न्हाई ते मला दिसून राहिलं ना. बस खाली."

पोरं म्हणायची, अक्काच्या मेसला सुटी नाही आणि सुटकाही नाही. ती हसायची आणि अजून एक पोळी टाकायची.

मला लातूरला शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. सासूबाई आमच्याजवळच, पण त्यांचे गुडघे दुखायचे. पळतं लेकरू सांभाळणं त्यांच्यानं होईना. मी अक्काला म्हटलं, ये. ती मेस बंद करून, भांडी विकून आली. नांदेडला मागं काही ठेवलं नाही. सासूबाई औशाच्या, मनानं चांगल्या. मान म्हणून त्या तिला 'अक्काबाई' म्हणायच्या. अक्का बाळाला गुंडू म्हणायची, कानडीत गुंडू म्हणजे गोल गरगरीत, आणि रागावली की गुंड्या. पहिले काही महिने घर कसं भरलेलं होतं...

गुंडू दीड वर्षाचा झाला आणि त्याला रात्री उलट्या सुरू झाल्या. रोज नाही, पण आठवड्यातून एक-दोनदा हमखास. झोपेतच खोकायचा, ढास लागायची आणि सगळं बाहेर. अंथरूण, पांघरूण, माझे केस... सगळं धुवायचं. आणि सकाळी हा पठ्ठ्या जसं काही झालंच नाही! घरभर पळायचा, डबे वाजवायचा, खायला मागायचा. ताप नाही, जुलाब नाही, वजन चांगलं. आजारी लेकराची काळजी समजते. पण दिवसा ठणठणीत आणि रात्री ओकणाऱ्या लेकराचं काय करावं, हे कळत नाही. आणि जिथं कळत नाही तिथं लोक आपापलं कारण घेऊन येतातच.

शेजारच्या बाई एकदा मला ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना म्हणाल्या, "घरात अक्काबाई आणून ठेवल्यावर दुसरं काय होणार?" मराठीत अक्काबाई म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण, अवदसा. अक्काबाईचा फेरा येतो म्हणतात तीच. इतके दिवस मानानं उच्चारलेला तो शब्द त्या दिवसापासून आमच्या घरात वेगळा वाजायला लागला. सासूबाई वाईट बोलल्या नाहीत. फक्त अक्काला हाक मारायची त्यांनी बंद केली, आणि गुंडूवरून मीठ-मोहऱ्या ओवाळायला लागल्या. मी त्यांना सरळ सांगितलं, "आत्याबाई, माझ्या बहिणीच्या नजरेत विष नाही." त्या म्हणाल्या, "मी कुठं म्हणते बाई? पण लेकरू कुणाचं ओकून राहिलंय, ते बघ की."

मला चीड आली ती याची नाही. मला चीड आली ती अक्कानंही ते खरं मानलं याची. तीच रोज सकाळी गुंडूच्या गालावर काजळाची तीट लावायला लागली, आणि एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर दिसलं की ती त्याला भरवते आहे... भिंतीकडं तोंड करून. चमचा लेकराच्या तोंडापाशी आणि हिची मान दुसरीकडं. अंदाजानं. भात गालाला लागत होता, हनुवटीवर सांडत होता, आणि गुंडू हा नवा खेळ समजून खिदळत होता. जेवणाऱ्यांकडं बघत जन्म काढलेली बाई!

"अक्का, हे काय करून राहिलीस?"

"मान आखडली गं."

"खोटं बोलू नको."

"तू शाळेत शिकव तुझं सायन्स," ती म्हणाली. "उदगीरच्या घरात बी दिराच्या लेकराला असंच व्हायचं. तवा बी मलाच बोलले. एक डाव खोटं असंल. दोन डाव?... मी नांदेडला जाते. पोरगं बरं झालं की फोन कर."

नांदेडला तिचं काय होतं? दोन खोल्यांत आता दुसरं कुणी राहत होतं. ट्रंक तिनं भरलीसुद्धा. मी म्हटलं, एकदा लहान मुलांच्या डॉक्टरला दाखवू, मग जा. तोपर्यंत आम्ही घरचेच उपाय करत बसलो होतो: ओवा, बडीशेपेचं पाणी, मीठ-मोहऱ्या.

दवाखान्यात गर्दी होती. अक्का बाहेरच्या बाकावर बसली; आत लेकरासमोर यायला तयार नव्हती. सासूबाई आणि मी आत गेलो. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, बोलायला फटकळ. त्यांनी गुंडूचं पोट दाबून पाहिलं, कान बघितले, घसा बघितला, वजनाचा तक्ता बघितला आणि प्रश्न सुरू केले. उलटीचा रंग कसा, हिरवी किंवा रक्ताची होती का? नाही. ताप? शी पातळ? लघवी कमी, लघवीला रडतो? नाही. डोक्यावर पडला होता का? सकाळी उठल्या उठल्या उलटी होते का, दिवसा मलूल असतो का? नाही, नाही. अंडं, शेंगदाणे, काही ठरावीक खाल्लं की होते का, अंगावर पुरळ येतं का? नाही. मग म्हणाल्या, "आधी खोकला की आधी उलटी?"

मी आठवून पाहिलं. "खोकला."

"आणि संध्याकाळी काय काय जेवतो?"

"भरवताना मी नसते," मी म्हटलं. शाळेतून आले की वह्या तपासायच्या, स्वयंपाक करायचा... त्याला भरवायची अक्का.

"भरवतं कोण? त्यांना बोलवा."

अक्का आली ती दाराला चिकटून उभी राहिली, डोळे जमिनीवर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तसं सांगायला लागली, "काय न्हाई हो, लई कमी खातो. तिन्हीसांजेला दोन घास दूधभात. मग आम्ही जेवायला बसलो की ताटातली भाकर, वरणात कुस्करून. वरून केळ. आन् झोपताना..."

"झोपतानासुद्धा?"

"बाटलीभर दूध. पडल्या पडल्या. उपाशी झोपलं तर कसं व्हायचं लेकराचं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. गुंडूची मूठ मिटवून अक्काला दाखवली. "ह्याचं पोट ह्या मुठीहून जरासं मोठं धरा. त्यात तुम्ही गडीमाणसाचं जेवण भरताय. मावशी, तुम्ही काय मेस चालवता का?"

"चालवत होत्या," मी म्हटलं. डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. मग नीट समजावलं. पोट तुडुंब, त्यावर दूध, आणि लगेच आडवं. या वयात पोटाचं तोंड घट्ट मिटत नाही. त्यात सर्दीचा चिकटा रात्री घशात उतरतो, ढास लागते, आणि ढासेनं भरलेलं पोट बाहेर येतं. दिवसा उभं असतं लेकरू, म्हणून दिवसा काही नाही. जेवण लवकर, थोडं. झोपतानाची बाटली बंद. जेवल्यावर जरा वेळ खांद्यावर उभं धरायचं. रंग हिरवा दिसला, रक्त दिसलं, लेकरू सुस्तावलं, लघवी थांबली किंवा वजन घटलं तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही, घेऊन यायचं.

सगळं ऐकून झालं आणि अक्कानं हळूच विचारलं, "डॉक्टरीणबाई... आन् नजरेचं?"

"कुणाची नजर?"

सासूबाई पदराशी खेळत होत्या.

"माझी," अक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिच्याकडं बघत राहिल्या. "मावशी, मी सकाळपासून लेकरंच बघते, डोळे फाडून फाडून. मलाही मूलबाळ नाही. नजरेनं उलट्या व्हायला लागल्या तर लातुरात एक लेकरू धड राहायचं नाही."

"म्हंजी... भातच हाय?"

"भात, बाटली आणि खोकला. बस."

अक्काच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला नीट लिहिता येत नाही. चूक तुमची आहे म्हटल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नाही. ती सासूबाईंचा हात धरून हलवायला लागली, "भात हाय आत्याबाई! माझा भातच हाय! मीच लई चारून राहिले हो लेकराला!" बाहेर बाकावरची माणसं डोकावून बघायला लागली. सासूबाई आधी हसल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

उलट्या एका दिवसात थांबल्या नाहीत. कमी होत गेल्या. पुढच्या थंडीत सर्दी झाली तेव्हा पुन्हा एकदा झालीच. सकाळी सासूबाई चहा घेत बसल्या होत्या, अक्का चादर पिळत होती. मी डबा भरता भरता थांबले. सासूबाई म्हणाल्या, "अक्का, काल संध्याकाळी काय घातलं होतंस गं ह्याला?" अक्काबाई नाही, अक्का. आणि अक्का म्हणाली, "तुमच्याच हातचा शिरा होता की!" त्यावर दोघी भांडल्या, मनापासून भांडल्या, आणि मी शाळेला निघून गेले. ट्रंक पुन्हा भरली गेली नाही. तिच्यात आता गुंडूचे स्वेटर होते.

तेव्हापासून जेवण झालं की अक्का त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायची आणि मेसमधल्या पोरांच्या गोष्टी सांगायची; कोण किती पोळ्या खायचा, कोण डाळीत पाणी घालतेस म्हणून रुसायचा. तो मोठा झाला, खांद्यावर मावेना, तर बोट धरून फेऱ्या. आता तो शाळेत जातो. परवा जेवण झालं, मी दमून म्हटलं, चल झोप. तर उठला आणि गॅलरीत गेला. एकटाच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता, एक हात जरासा वर धरून, जसं कुणी बोट धरलंय. मी दारात उभी राहून बघत राहिले. सासूबाईही आल्या, भिंत धरत. घरात इतकी माणसं असून ती गॅलरी कशी रिकामी वाटते.

अक्काला तिच्या संसारातून घालवून दिलं होतं. माझ्या घरातून तिला जावं लागलं नाही. शेवटपर्यंत ती इथं राहिली, आणि माझ्या लेकराकडं डोळे भरून बघत तिनं त्याला जेवू घातलं.