मागचं गेट

दवाखाना आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होता. मध्ये सोसायटी झाली, तरी तिच्या मागच्या गेटातून शिरून पुढच्या गेटानं हमरस्त्यावर निघता यायचं. साखरेमुळे आईच्या पायाची जखम भरत नव्हती, एक दिवसाआड ड्रेसिंग असायचं. मी चाकणला शिफ्टवर, म्हणून ती एकटीच काठी टेकत जायची.

एक दिवस वॉचमननं तिला अडवलं. बाहेरच्यांना बंदी, कमिटीचा ठराव झालाय म्हणे. बाहेरचे! अरे, तुमचा स्विमिंग पूल आमच्या भुईमुगाच्या वावरात आहे! मी चेअरमनकडे गेलो, हात जोडले, मोबाईलवर जखमेचा फोटो दाखवला. "भाऊ, आज तुमच्या आईला सोडलं तर उद्या अख्खी वस्ती येईल," म्हणाला. आणि हसत होता, राव.

भिंतीला वळसा घालून जायचं तर पाऊण तास. तेवढ्याशा भाड्याला रिक्षावाले थांबत नाहीत. आई दोनदा गेली, मग "बरं वाटतंय" असं मला खोटंच सांगत घरी बसली. आधी अंगठा काढला, मग घोट्यापासून पाऊल.

मी रडलो नाही. मी डोकं चालवलं. पुढच्या गेटावर शोभेची बुटकी कमान, म्हणून सोसायटीचे पाण्याचे टँकर मागच्याच गेटातून जायचे. आणि त्या गेटापर्यंतचा कच्चा रस्ता आमच्या सातबाऱ्यावर. वडिलांनी नुसत्या शब्दावर वाट दिलेली, कागद ना काही. ऐन एप्रिलमध्ये मी तिथं साखळी बांधली, कुलूप ठोकलं आणि खुर्ची टाकून बसलो. एकामागून एक टँकर परत गेले. गॅलऱ्यांतून लोक शिव्या घालत होते. खोटं कशाला बोलू, इतकी मजा मला माझ्या लग्नातसुद्धा आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी चेअरमन घामाघूम होऊन दारात आला. गेट सताड उघडून आला होता. "आईंना कधीही जाऊ द्या, वॉचमनला सांगून ठेवलंय," म्हणाला. त्याची खाली गेलेली मान बघून माझं मन भरलं. मी खिशातून किल्ली काढली.

तेवढ्यात आई वॉकर ढकलत बाहेर आली. तिनं माझ्या हातातली किल्ली घेतली आणि कनवटीला खोचली.

"उघडलंस व्हय रं गेट?" ती त्याला म्हणाली. "आता कुठल्या पायानं जाऊ त्यातनं?"