नाक्यातून सुटलेल्या दोन बॅगा

मिरज स्टेशनच्या फलाटावर, मुंबईची गाडी यायला वीस मिनिटं असताना, माझ्या वडिलांनी माझी बॅग उघडली. मामा, शेजारच्या काकू, कॉलेजातल्या दोन मैत्रिणी, सगळे निरोप द्यायला आलेले, आणि अण्णा उकिडवे बसून एकेक वस्तू बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडत होते. दोन स्वेटर, मेतकुटाचा डबा, स्टेथोस्कोप, आईने दिलेली बोटभर अन्नपूर्णा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अण्णा, पुरे ना आता," मी म्हणाले. "दुसऱ्याने उघडायच्या आधी आपण उघडलेली बरी," असं म्हणून ते शोधत राहिले.

अण्णा नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. कडब्याच्या गाडीत काय दडवलंय, लग्नाच्या वऱ्हाडाच्या ट्रंकेत साड्याच आहेत की आणखी काही, हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माणूस काय सांगतो याकडे ते लक्षच देत नसत. तो दोरी सोडताना घुटमळतो का, एवढं बघत. बॅगेच्या तळाशी माझी निळी फाइल होती. तिची नाडी सोडून त्यांनी दोन-तीन कागद पाहिले, पुन्हा नाडी बांधली. "कागद वर ठेव, खाली दबतात," म्हणाले, आणि सगळं होतं तसं भरून बॅगेचे पट्टे आवळले.

नवरा आधीच डेट्रॉइटला गेला होता. मी दोन वर्षांत तिकडचा अनुभव घेऊन परत येणार आणि मिरजेत पॅथॉलॉजीची लॅब काढणार, असं घरी सांगितलं होतं. अण्णांनी स्टेशन रोडवर एक गाळाही हेरून ठेवला होता. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली.

आता तुम्ही म्हणाल, हे काय मध्येच? आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकाच्या संपादिकेचाही हाच प्रश्न असणार आहे. तिचा फोन आला होता, "मावशी, तुम्ही पोर्तुगाल करून आलात ना? हायलाइट्स लिहून द्या प्लीज, दोन पानं. काय बघायचं, काय स्किप करायचं." लिहिते ना. पण सुरुवात मिरजेपासूनच करावी लागेल. तिकडे राहिलेल्यांना यातलं अर्धं ठाऊक आहे आणि इकडे आलेल्यांना उरलेलं अर्धं.

संशय माझ्याकडे वडिलोपार्जित आला आणि नोकरीने त्याला खतपाणी घातलं. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे स्लाइड डोळ्यांखालून घातल्याशिवाय कुणाचंही काही खरं न मानणारी बाई. डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉयच्या घरात रिवाज असा, की कुणीही प्रवासाला निघालं की सगळ्या बॅगा आधी आमच्या हॉलमध्ये यायच्या. मी त्या उघडायच्या, तपासायच्या, बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवायच्या आणि मगच एअरपोर्टला सोडायच्या. माझी मुलगी मुक्ता दहा वर्षांची असताना तिने याला नाव ठेवलं, 'आईचा नाका'. लग्नानंतरही ती बॅगा घेऊन यायची. जावई डॅन तर हौसेने रांगेत उभा राहायचा.

यंदा मुक्ता म्हणाली, "आई, बाबा, या वेळी इंडियाऐवजी आपण सगळे पोर्तुगाल करू या. अकरा दिवस. आय हॅव प्लॅन्ड एव्हरीथिंग." इथेच शंकेची पाल चुकचुकली. जी मुलगी स्वतःच्या लग्नाला अर्धा तास उशिरा आली, तिने चक्क छापील प्लॅन आणला होता. कुठल्या दिवशी कुठला किल्ला, कुठे किती पायऱ्या, बाबांच्या गुडघ्यांसाठी कुठे लिफ्ट. हॉटेलऐवजी अपार्टमेंट, तेही सगळ्या प्रेक्षणीय स्थळांपासून लांब, साध्या वस्तीत. आणि निघायच्या दिवशी म्हणते, "आमच्या बॅगा आम्ही घरीच वेट केल्यात, तू नको टेन्शन घेऊ." आजवर असं कधी झालं नव्हतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी नवऱ्याला म्हणाले.

वसंता म्हणजे देवमाणूस. गाड्यांच्या कंपनीत चौतीस वर्षं ब्रेक तपासले, पण माणसांना कधी तपासलं नाही. "अगं, पोरगी स्वतः फिरायला नेतेय. मुकाट्याने चल," तो म्हणाला.

लिस्बनला उतरल्यापासून मी डोळ्यांत तेल घालून होते. आधी वाटलं, मुक्ताला काही आजार आहे. आमच्या धंद्यात पहिली शंका तीच येते. पण ती दणादण चढ चढत होती, भरपूर खात होती. मग वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलंय. पण दोघं रोज दुपारी दोन ते तीन 'कॉफी' प्यायला जात आणि हातात हात घालून परत येत. मग तिसरी शंका आली, की आम्हा दोघांना सीनियर लोकांच्या कुठल्यातरी कम्युनिटीत टाकायचा बेत असणार आणि ही सहल म्हणजे त्याआधीचं गोडधोड.

हायलाइट्स विचाराल तर बेलेमचा बुरुज जरूर पाहा. नदी समुद्राला मिळते तिथे उभा आहे, बाहेरून फारच देखणा, आत जिना अरुंद. जवळच मोठा मठ आहे, त्याचे दगडी खांब दोरखंड वळावेत तसे कोरलेत. आत त्या खलाशाची कबर आहे, जो समुद्रमार्गाने आपल्याकडे आला म्हणून शाळेत आपण घोकलं. लोक वाकून फोटो काढत होते. मला काही हात जोडवेनात. याने निघताना घरी काय सांगितलं असेल आणि आपल्याकडून काय काय नेलं असेल, हेच मनात आलं. कार्मोचं चर्च मात्र चुकवू नका. फार पूर्वीच्या भूकंपात त्याचं छप्पर गेलं, ते लोकांनी परत घातलंच नाही. कमानी तशाच आहेत आणि वर निळं आकाश. काहीही न लपवणारी ती एकच इमारत मला त्या शहरात भेटली.

जुन्या पिवळ्या ट्राममध्ये पाकीटमारांपासून सावध राहा. मी पर्स पुढे घेतली, पर्सवर एक हात, त्यावर दुसरा हात, आणि नजर मुक्तावर. मुक्ता चर्च बघतच नव्हती. ती बाल्कन्या बघत होती, दारांवरच्या पाट्या वाचत होती. कस्टर्डच्या टार्ट खाल्ल्या त्या दुकानात तिने बाईला विचारलं, हिवाळ्यात पाऊस किती पडतो? आम्ही तर उन्हाळ्यात आलो होतो. आणि माझी नऊ वर्षांची नात इरा किल्ल्याच्या पायऱ्या चढताना आकडे मोजत होती, पोर्तुगीजमध्ये, थेट शंभरपर्यंत. 'नमस्कार' आणि 'थँक यू' मी समजू शकते. अकरा दिवसांच्या पाहुण्या मुलीला शंभरपर्यंत आकडे कशाला हवेत?

"ग्रॅनी, इट्स जस्ट फॉर फन," ती म्हणाली आणि आईकडे पाहिलं. ते पाहणं मी टिपलं.

युरोपच्या जमिनीचं पश्चिमेचं टोक तिथून जवळच आहे. कड्यावर दीपगृह आहे, वारा असा की साडी नेसली नाही याचं समाधान वाटलं. वसंताने समुद्राकडे हात केला, "सरळ जाऊन जरा उजवीकडे वळलं की आपलं ट्रॉय." सगळे हसले, फक्त मुक्ता हसली नाही. ती वाऱ्याकडे पाठ करून डोळे पुसत होती. मी विचारलं तर म्हणाली, "विंड आहे गं, आई."

पाचव्या दिवशी दुपारी ती दोघं त्यांच्या कॉफीला गेली होती. इरा आजोबांबरोबर आइस्क्रीम आणायला खाली उतरली आणि त्या गुळगुळीत दगडी फरसबंदीवर घसरून गुडघा फोडून आली. बँड-एड शोधायला मी मुक्ताची बॅग उघडली. माझ्या नाक्यातून न गेलेली बॅग. बँड-एड वरच्याच कप्प्यात होतं. गुडघा धुतला, पट्टी लावली, पोरगी आइस्क्रीमसाठी आजोबांकडे पळाली. तिथे थांबता आलं असतं, पण हात थांबेनात. टॉवेलच्या घडीत एक प्लॅस्टिकचं फोल्डर होतं. इराचा जन्माचा दाखला, शाळेची चार वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसींचं कार्ड, मुक्ता आणि डॅनचं मॅरेज सर्टिफिकेट. सगळं ओरिजिनल.

अकरा दिवसांच्या सहलीला लसींचं कार्ड कुणी आणत नाही. मला सगळं एका क्षणात कळलं. आणि पुढच्या क्षणी आणखी एक गोष्ट कळली.

मिरजेच्या त्या निळ्या फाइलमध्ये माझा शाळा सोडल्याचा दाखला होता, जन्माचा दाखला होता, सगळ्या पदव्यांच्या मूळ प्रती होत्या. दोन वर्षांत परत येणारी मुलगी हे घेऊन जात नाही. इतकी वर्षं मी समजत होते, की अण्णांना कागदांतलं काही कळलं नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, इंग्रजी कागद, त्यांना काय उमजणार. कडब्याखालचं ज्याला दिसायचं, त्याला पोटच्या पोरीच्या बॅगेतलं दिसलं नसेल? त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी नाडी बांधली. त्यानंतर सतरा वर्षं मी पत्रांत 'पुढच्या वर्षी नक्की' लिहीत राहिले आणि ते उत्तरात पाऊसपाणी लिहीत राहिले. लॅबचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते गेले तेव्हा मी चौथ्या दिवशी पोचले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगाच नाही. मुक्तावर मला पहिल्या दिवसापासून संशय आला, कारण मी स्वतः हेच करून बसले होते.

ती दोघं परत आली तेव्हा फोल्डर टेबलावर होतं. अण्णांसारखं गप्प बसणं मला जमलं नाही. जमवायचंही नव्हतं. त्यांच्या गप्प बसण्याने मी सुटले, पण मोकळी कधीच झाले नाही.

"कधी जाताय?" मी विचारलं.

मुक्ता दारातच थांबली. "ऑगस्टमध्ये. डॅनला इथे जॉब मिळालाय. आई, आय वॉज गोइंग टू टेल यू, शेवटच्या दिवशी."

"शेवटच्या दिवशी का?"

"कारण तू शंभर क्वेश्चन्स विचारले असतेस आणि माझ्याकडे आन्सर्स नव्हते. मला वाटलं, आधी तुला ही प्लेस आवडू दे. सगळं बेस्ट बेस्ट दाखवू."

"सगळं चांगलं चांगलंच दाखवत होतीस, म्हणून तर संशय आला," मी म्हणाले. मग मला रडू फुटलं. ती वीस मिनिटांवर राहायची. रविवारी दुपारी तिच्या गाडीचा आवाज आला की मी भाताला कुकर लावायचे. आता तो आवाज येणार नव्हता, आणि तिला थांब म्हणायचं तोंड मला नव्हतं. वसंता आइस्क्रीमचा कप हातात घेऊन आत आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग आम्ही आलो की झोपायचं कुठे?"

दुसऱ्या दिवशी सिंत्राचा राजवाडा होता. लाल-पिवळा, डोंगराच्या माथ्यावर, सगळेजण म्हणतात तो पाहिल्याशिवाय परत येऊ नये. मी तो कॅन्सल केला. म्हटलं, मला तुमचं घर दाखवा.

तर माझ्या यादीतली पुढची प्रेक्षणीय स्थळं अशी. एक शाळा, निळ्या फरशांची, फाटकाची कडी ढिली; मी तीनदा हलवून पाहिली आणि शिपाईबाईला खुणेने सांगितलं. एक दवाखाना, चालत नऊ मिनिटं, चढ धरून अकरा. एक बसथांबा, छप्पर नसलेला. आणि रोजच्या 'कॉफी'त दोघांनी शोधून ठेवलेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही. मी नळ सोडून पाहिले, खिडक्यांच्या कडेला ओल आली आहे का ते नखाने खरवडून पाहिलं. आली होती. वसंता जिन्यात दोनदा टेकला, पण वर पोचल्यावर म्हणाला, "हवा चांगली आहे."

घर दाखवणारी बाई सज्जन होती, तरी मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तिने शेवटी एक फॉर्म पुढे केला. त्यात एक ओळ होती, अडीअडचणीला या घरात न राहणाऱ्या कुणाला कळवायचं? मुक्ता पेन हातात धरून बसून राहिली. त्या अख्ख्या देशात तिला एक नाव सुचेना. डेट्रॉइटच्या हॉस्पिटलमधल्या माझ्या पहिल्या फॉर्मवर ती ओळ मी कोरी सोडली होती. मिरजेत आमच्याकडे फोनच नव्हता.

मुक्ताने माझं नाव लिहिलं आणि ट्रॉयचा नंबर. बाई म्हणाली, हा तर अमेरिकेचा नंबर, इथला कुणाचा नाही का?

"नो," मुक्ता म्हणाली. "बट शी विल पिक अप."

ते ऑगस्टमध्ये गेले. बॅगा माझ्या हॉलमध्ये आल्या, मी उघडल्या, वजन केलं, आणि फोल्डर कुणी न सांगता सगळ्यांत वर होतं. रविवारी आता मी कुकर अर्धा लावते. घर कुठे, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी पटकन मिरज म्हणायचे, मग सवयीने ट्रॉय म्हणू लागले. आता मी जरा थांबते. त्या फॉर्मवर माझा नंबर आहे, तेवढंच मला नक्की सांगता येतं.

या देशात शहाणा माणूस अनोळखी नंबर उचलत नाही, आणि मी तर कधीच उचलत नसे. हल्ली सगळे उचलते. परवा एकाने माझ्या गाडीची वॉरंटी संपल्याचं सांगितलं. लबाड आहे हे पहिल्या वाक्याला कळलं, तरी त्याला पुरतं बोलू दिलं. त्याचं संपल्यावर विचारलं, "मुक्ताचं काही नाही ना?" तो गोंधळून नो मॅम म्हणाला. मी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला.